तळव्यांची साक्ष

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, अकराव्या अध्यायांत, निर्धन प्रमेही रोग्यानें पादत्राण व छत्र टाकून शंभर योजनें चालावें, असें सांगितलें आहे. निवृत्त मास्तर निर्धनांतच मोडतो. आणि आम्हांस मधुमेह जडून चौदा वर्षें झालेलीं. तेव्हां हें वचन आम्हीं शिरोधार्य मानिलें. गतवर्षीं वैशाखांत सज्जनगड अनवाणी चढलों व भर दुपारीं तापलेल्या पायऱ्यांवरून उतरलों. बरोबरची मंडळी चटक्यांनीं पाय उचलीत होती. आम्ही स्वस्थ चाललों होतों. त्याचा थोडा अभिमानहि वाटला, हें वाचकांपासून लपवीत नाहीं.

रात्रीं साताऱ्यास घरीं फरशीवर ओलीं पावलें उमटलेलीं सूनबाईंस दिसलीं. तळव्यांचे फोड फुटून पाणी वाहत होतें, आणि आम्हांस त्याची वार्ताहि नव्हती! चार दिवस घरगुती मलमांत दवडले. असल्या पायास चार दिवस म्हणजे फार झाले. उजव्या अंगठ्याखालची जखम काळवंडूं लागली, तेव्हां मुलानें सांगलीस नेलें.

तेथील डॉक्टरांनीं आम्हांस डोळे मिटावयास सांगून नायलॉनचा एक धागा तळव्यास ठिकठिकाणीं टेकविला. दहा ग्रॅम भार पडला कीं हा धागा वांकतो. स्पर्श एकदांच काय तो समजला. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे पायांचे ज्ञानतंतु क्षीण होतात, रक्तवाहिन्याहि अरुंद होतात. मग खडा टोंचला तरी कळत नाहीं व जखम लवकर भरत नाहीं. मेलेली त्वचा काढणें, मलमपट्टी, साखरेवर ताबा, आणि सर्वांत अवघड म्हणजे पायावर भार न देणें, यांत सात आठवडे गेले. अंगठा वांचला.

अंथरुणावर तीच संहिता पुन्हां चाळली. चोविसाव्या अध्यायांत पादत्राण पादरोगहर म्हटलें असून नित्य अनवाणी फिरणें आरोग्यास घातक सांगितलें आहे. पूर्वापर संदर्भ पाहा म्हणून मुलांस छड्या मारणाऱ्या मास्तरानें तेरा अध्याय पुढें वाचलें नव्हतें!

आतां रोज सायंकाळीं आरसा धरून तळवे पाहतों. पाय धुण्याचें पाणी सूनबाई आधीं हात घालून पाहतात, कारण आमच्या पायांची साक्ष ग्राह्य नाहीं. कुरूप ब्लेडनें कापण्याची संवय सुटली. चालणें चालूच आहे, पण मऊ तळाच्या चपला घालून, आणि त्या आधीं झटकून. सोवळ्याचा प्रश्न निघालाच. सौभाग्यवतींनीं घरांत वापरावयास निराळा धुतलेला जोड ठेवून तो सोडविला.

आमचे एक मधुमेही स्नेही दरवर्षीं माउलींच्या पालखीबरोबर लोणंदहून फलटणपर्यंत अनवाणी जातात. यंदा आषाढापूर्वीं त्यांस आम्हीं आमचा तळवा दाखविला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग, “या चपला कोठें घेतल्या?” एवढेंच त्यांनीं विचारिलें.