पाण्यात न सापडणारा रेणू

पाठ्यपुस्तकातले अमिनो आम्लाचे चित्र बहुधा ठरलेले असते: मध्ये कार्बन, एका टोकाला अमिनो गट, दुसऱ्या टोकाला आम्ल गट आणि प्रभार कुठेच नाही. असा रेणू वायुरूपात असतो. पाण्यात जवळपास नसतोच. ग्लायसिन हे सगळ्यांत साधे अमिनो आम्ल घ्या. त्याचा आम्ल गट सामू 2.3 च्या सुमारासच प्रोटॉन सोडू लागतो, अमिनो गट मात्र 9.6 च्या आसपासपर्यंत तो धरून ठेवतो. मधल्या सगळ्या पट्ट्यात एक टोक ऋण, दुसरे धन: हाच द्विध्रुवी आयन. आम्लता वाढवली की ऋण टोक प्रोटॉन घेते आणि रेणू धनप्रभारित होतो. अल्कता वाढवली की धन टोक प्रोटॉन सोडते आणि रेणू ऋणप्रभारित होतो. पुस्तकातले रूप कोणत्याही सामूला वरचढ ठरत नाही. अॅसिटिक आम्ल साडेसोळा अंशांना वितळते, ग्लायसिन मात्र 230 अंशांच्या पुढे तापवल्यावर विघटित होते. हे मिठासारखे वागणे प्रभाराशिवाय कसे शक्य आहे? म्हणून ते चित्र पहिल्याच पानावर बदलायला हवे.

आधी सोपे शिकवावे, द्विध्रुवी आयन पुढे येतोच, असे शिक्षक म्हणतील. येतो, पण पाठ करायची व्याख्या म्हणून. डोळ्यांसमोर राहते ते पहिले चित्र. गडचिरोली, नंदुरबारमध्ये आढळणारा सिकलसेल आजार याच प्रभाराशी जोडलेला आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. पहिल्याची बाजूसाखळी रक्तात ऋणप्रभारित, दुसऱ्याची प्रभारहीन. त्यामुळे विद्युतक्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हाच फरक दाखवला. निदानाची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी त्यावरच उभी आहे. प्रभारहीन चित्र शिकलेल्या विद्यार्थ्याला ती कळणार कशी? हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे उदाहरण तर आणखी बोलके. त्याच्या बाजूसाखळीचा बदल सामू 6 च्या आसपास, म्हणजे रक्ताच्या 7.4 पासून फार दूर नाही. राबणाऱ्या स्नायूत आम्लता वाढली की हिमोग्लोबिनमधली काही हिस्टिडिन प्रोटॉन घेतात आणि ऑक्सिजन सुटायला मदत होते.

राहिला पेप्टाइड बंध. पाण्याचा रेणू बाहेर पडताना दाखवायला जुने चित्र सोयीचे, हे खरे. पण पेशीतही दोन मोकळी आम्ले थेट जुळत नाहीत. ती आधी टीआरएनएला जोडली जातात. जुने चित्र तिथे, अणूंच्या हिशेबापुरते, ठेवायला हरकत नाही.