पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, आजारपणाचे काय?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतील आपल्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. रेल्वेतून, महापालिकेतून, बँकेतून निवृत्त झालेले आई-वडील मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघतात. विहारात त्रिसरण-पंचशील होते, पुष्पगुच्छ दिले जातात, रात्री दोन गाड्या भरून माणसे सहार विमानतळावर निरोपाला जातात. ज्या माणसाच्या बापाने गावकुसाबाहेर आयुष्य काढले, तो आज नातवाचे तोंड पाहायला न्यू जर्सीला जातो. याचा अभिमान वाटलाच पाहिजे. ही बाबासाहेबांची पुण्याई आहे.

परंतु या निरोपसमारंभात एक प्रश्न कोणीच विचारत नाही. काकांना रक्तदाब आहे, काकूंना साखर आहे. तिकडे सहा महिन्यांत काही झाले तर पैसे कोण देणार?

हा प्रश्न मला सुचला तो एका प्रकरणामुळे. काही महिन्यांपूर्वी घाटकोपरचे एक निवृत्त फिटर आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मुलीच्या बाळंतपणासाठी दोघे अमेरिकेला गेले होते. तिसऱ्या महिन्यात काकांच्या छातीत दुखू लागले, मुलीने रुग्णवाहिका बोलावली, उपचार झाले, जीव वाचला. मग बिल आले. निघताना मुंबईत घेतलेल्या प्रवास विम्याच्या कंपनीने दावा नाकारला. कारण दिले की अर्जदाराने रक्तदाब लपवला. काका म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही काही लपवलं नाही हो. फॉर्म एजंटच्या पोरानं भरला. त्यानं विचारलंच नाही. मी फक्त सही केली."

फॉर्म पाहिला. 'पूर्वीपासून काही आजार आहे काय?' या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते. खाली काकांची सही होती. आज त्यांची मुलगी ते बिल पगारातून हप्त्याहप्त्याने फेडते आहे. आम्ही तक्रार दाखल केली आहे. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. काकांनाही मी खोटी आशा दाखवलेली नाही.

या एका 'नाही'ची किंमत किती, हे समजण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. २००९ साली न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या एका प्रकरणात विमेदाराने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार फॉर्ममध्ये सांगितला नव्हता. न्यायालयाने दावा नाकारणे योग्य ठरवले. दुसरे प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. एका गृहस्थाने युनायटेड इंडिया इन्शुरन्सची परदेश प्रवासाची पॉलिसी घेतली. मधुमेह असल्याचे सांगितले. कंपनीने त्यांची वैद्यकीय तपासणीही करवली. २००९ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच त्यांना हृदयविकाराचा त्रास झाला, तीन स्टेंट बसवावे लागले. बिल सव्वादोन लाख डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या दराने एक कोटी रुपयांहून अधिक. कोलेस्टेरॉलचा विकार आणि त्याच्या गोळ्या सांगितल्या नाहीत, म्हणून कंपनीने दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते सर्व रद्द केले. आजार माहीत असताना पॉलिसी दिली, हप्ता घेतला, आता त्याच आजाराचे नाव काढून अंग झटकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा हा निकाल ६ डिसेंबर २०२१ चा आहे. म्हणजे महापरिनिर्वाण दिनाचा. चैत्यभूमीवर रांगेत उभे असताना आपल्यापैकी किती जणांना हे कळले?

या दोन निकालांतून घ्यायचा धडा सोपा आहे. सांगितलेला आजार तुमची ढाल होतो. लपवलेला आजार कंपनीचे हत्यार होतो. हप्ता दोन-चार हजारांनी वाढेल म्हणून एजंट 'नाही' लिहा म्हणतो. तो आपला दुश्मन नसेल, पण दावा नाकारला जाईल तेव्हा तो न्यायालयात तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

आता अमेरिकेची रीत पाहू. तेथे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ पासून मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे. पाहुणा व्हिसावर गेलेल्या आई-वडिलांना ती नाही. ग्रीन कार्ड मिळाले तरी ज्याने तेथे पुरेशी वर्षे नोकरी केलेली नाही, त्या वृद्धाला सलग पाच वर्षे राहिल्यावरच हप्ता भरून तिच्यात शिरता येते. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, प्रकृती स्थिर होईपर्यंत इस्पितळाने उपचार दिलेच पाहिजेत. ही चांगली गोष्ट आहे. पण उपचार नाकारता येत नाहीत याचा अर्थ बिल येत नाही असा नव्हे. आणि गंमत पाहा, एच-वन-बी व्हिसावर राबणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पगारातून दर महिन्याला मेडिकेअरची वर्गणी कापली जाते. घाटकोपरच्या त्या काकांची मुलगी परक्या देशातील म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याला हातभार लावते, आणि स्वतःच्या बापाचे बिल वेगळे फेडते!

कॅनडाने सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला आहे. युरोपच्या शेंगेन देशांत जायचे तर ३० हजार युरोचा विमा दाखवावा लागतो. तेथे जाणारे आपले लोक विमा घेतात, कारण घेतल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. अमेरिकेच्या पाहुणा व्हिसाला अशी अट नाही. म्हणून कोणी विम्याशिवाय जाते, तर कोणी सर्वांत स्वस्त कागद घेऊन जाते. जिथे उपचार सर्वांत महाग, तिथेच आपण सर्वांत बेसावध!

इकडचे छत्र तिकडे चालत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. रेल्वेच्या निवृत्त माणसाला भायखळ्याच्या इस्पितळात उपचार मिळतात. त्या इस्पितळाला बाबासाहेबांचेच नाव आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे छत्र मिळाले. घरी सहसा असते ती मेडिक्लेम पॉलिसीही भारतापुरतीच असते. ही सारी छत्रे सहारच्या धावपट्टीवर मिटतात.

येथे काही कार्यकर्ते म्हणतील, "वकीलसाहेब, हा सुखवस्तू लोकांचा प्रश्न आहे. आमच्या वस्तीत दवाखान्यात औषध नाही, आणि तुम्ही अमेरिकेचे काय सांगता?" आक्षेप रास्त आहे. कंत्राटावर झाडू मारणाऱ्या भावाला पेन्शनही नाही, हे मी विसरलेलो नाही. त्याची लढाई आधी, यात दुमत नाही. पण एक विचार करा. परदेशात मूल असलेल्या सवर्ण कुटुंबामागे बहुधा गावची जमीन असते, वाडा असतो, चार पिढ्यांची पुंजी असते. आपल्या निवृत्त माणसाकडे काय आहे? एक फ्लॅट, एक पेन्शन आणि फंडाचे पैसे. एका पिढीने कमावलेले एका आजारपणात जाते. फ्लॅट विकला की ते कुटुंब पुन्हा पहिल्या पायरीवर. आपला मध्यमवर्ग अजून पातळ बर्फावर चालतो आहे. तो बुडाला तर विहाराची वर्गणी, विद्यार्थ्यांची फी, चळवळीचा खर्च कोण उचलणार?

आणि आरोग्य विमा हा आपल्याला परका विषय आहे काय? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. अंधेरी, कांदिवली, मुलुंड येथील कामगार इस्पितळे त्याच झाडाची फळे आहेत. आजारपण हे माणसाचे नशीब नाही; ते सर्वांनी मिळून पेलायचे ओझे आहे, हा त्यामागचा विचार. १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचा आरोग्याचा हक्क निवृत्तीनंतरही कलम २१ खाली टिकतो असे सांगितले. त्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याचा उपदेश केला. मग हा विषय आपण एजंटच्या पोरावर कसा सोडतो?

म्हणून समाजबांधवांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तिकिटाआधी विम्याची चौकशी करा. फॉर्म स्वतः भरा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. प्रत्येक आजार आणि प्रत्येक गोळी लिहा. भरलेल्या फॉर्मची प्रत जवळ ठेवा. पूर्वीचा आजार अचानक उफाळला तर किती रकमेपर्यंत पैसे मिळतील, वयाची मर्यादा काय, हे लेखी विचारा. काही पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कम देतात आणि उरलेले बिल तुमच्या गळ्यात राहते. अशांपासून सावध राहा. अमेरिकन कंपनीची पॉलिसी तिकडच्या इस्पितळात सोपी पडू शकते, परंतु तंटा झाला तर तो तिकडेच लढावा लागेल, हेही ध्यानात ठेवा.

भारतीय कंपनीने दावा नाकारला तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जा. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई तो देऊ शकतो. किंवा दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. उपनगरवाल्यांसाठी आयोग वांद्रे पूर्वेला आहे. बिल तिकडे बाकी असेल तर मुलांना सांगा की तपशीलवार बिल मागा. तेथील धर्मादाय इस्पितळांना कमी उत्पन्नवाल्यांसाठी सवलतीचे धोरण ठेवावेच लागते. तेही मागा.

पण व्यक्तीच्या शहाणपणावर सारे सोडून सरकारला सुटू देऊ नये. २०२० साली सर्व कंपन्यांना 'आरोग्य संजीवनी' ही एकसारखी पॉलिसी विकायला भाग पाडता आले. मग परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी, जुन्या आजारांसह, सोप्या मराठीत लिहिलेली एकसारखी पॉलिसी का नको? रेल्वे, केंद्र आणि राज्य सरकारने निवृत्तांसाठी सरकारी विमा कंपन्यांमार्फत ऐच्छिक सामूहिक विमा का आणू नये? जर्मनी, फ्रान्स, जपान यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. अमेरिकेशी नाही. आपल्या मुलांच्या घामातून कापलेल्या पैशांचा हिशेब दिल्लीने मागितला पाहिजे.

तोवर प्रत्येक विहाराने एवढे करावे. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, एक तास कागदपत्रांसाठी द्यावा. वस्तीतला एखादा वकील, एखादी निवृत्त नर्सताई आणि एखादा विमा कर्मचारी बसला तरी पुरे. निघणाऱ्याचा फॉर्म तेथे वाचला जावा. कंत्राटी सफाई कामगार भावाचेही कागद त्याच टेबलावर पाहिले जावेत. त्याच्या विम्याचे पैसे ठेकेदाराने भरले की खाल्ले, तेही कळेल.

घाटकोपरच्या काकांनी परवा मला फोन केला होता. शेजारचे एक जोडपे पुढच्या महिन्यात निघते आहे. काका त्यांच्या घरी जाऊन बसले आणि फॉर्मवर रक्तदाबाच्या गोळीचे नाव स्वतः लिहून आले. चळवळ म्हणतात ती हीच.

जयभीम!