ठिपका की रेघ?

‘सगळे सारखेच तर दिसतात!’ चिखलात चोच खुपसून फिरणाऱ्या पाणपक्ष्यांकडे बघून आपण सहज म्हणून जातो. पण हे वाक्य किती महागात पडू शकतं, ते सडपातळ चोचीच्या कर्ल्यूची गोष्ट ऐकली की कळतं.

हा पक्षी सायबेरियात घरटं करायचा आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे यायचा. त्याचा थोरला भाऊबंद, नेहमीचा कर्ल्यू, थंडीत आपल्या कोकण किनाऱ्यावरही येतो. दोघंही तपकिरी, दोघांचीही चोच लांब आणि खाली वाकलेली. नेहमीच्या कर्ल्यूच्या कुशीवर रेघा आणि बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात. याचं पोट जास्त पांढरं आणि कुशीवर काळे, गोल किंवा बदामाच्या आकाराचे ठिपके. अंगानं लहान, चोच टोकाला बारीक. त्यातही कोवळ्या पक्ष्याला ठिपक्यांऐवजी रेघाच! म्हणजे नुसता ठिपका शोधूनही भागायचं नाही.

हा पक्षी शेवटचा खात्रीनं दिसला तो फेब्रुवारी १९९५ मध्ये, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा खाडीत. १९९८ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर एक दिसल्याची नोंद झाली, पण पुढे जाणकारांनी ती पुन्हा तपासली आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून वगळली. २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. शिकार झाली, पाणथळ जागा गेल्या, ही कारणं सांगितली जातात. मला वाटतं, ‘सारखाच दिसतो’ म्हणून त्याच्याकडे झालेलं दुर्लक्षही त्यात धरायला हवं. जो वेगळा ओळखूच येत नाही, तो कमी होतोय हे कुणाला कळणार?

मैत्रिणींनो, बारकावे टिपायची सवय आपल्याला आहेच की! तांदळातला खडा, साडीची खरी-खोटी जर आपण एका नजरेत ओळखतो. मग दुर्बीण मात्र घरातल्या पुरुषांच्याच गळ्यात का? थंडीत गावच्या तलावावर जरूर जा. पोट, कूस, चोच, शेपटी असं एकेक बघा, वहीत तारीख घालून लिहा, जमल्यास फोटो काढा. ओळख पटली नाही तर तसंच लिहा. आपल्या तलावावर कोण येत होतं, हे उद्या आपल्या लेकींना त्या वहीतूनच कळेल.