बिनइंजिनाची विद्या

इंजिनाचे विमान चालवण्याचा परवाना खिशात असलेल्या माणसाने बिनइंजिनाचे विमान शिकायला जावे, म्हणजे मॅट्रिक झालेल्याने पुन्हा बिगरीत नाव घालावे तसे आहे, असे आमच्या घरी एकमताने ठरले. "अहो, इंजिन होते तेव्हाच माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आता तेही नको का?" हा सौभाग्यवतींचा सवाल. न्यूयॉर्क राज्यात इतकी वर्षे काढली, पण तिच्या प्रश्नांची धार अजून सदाशिव पेठेचीच आहे.

खरे कारण मी तिला लगेच सांगितले नाही. माझी साठी उलटली. माझ्याजवळच्या परवान्याचे सगळे हक्क वापरायचे तर प्रकृतीच्या तपासणीचा, डॉक्टरच्या सहीचा कागद लागतो. माझ्या एका जोडीदाराला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो कागद मिळाला नाही. विमानातला आपला हिस्सा त्याने विकला, आणि आता रविवारी तो कुंपणाला टेकून दुसऱ्यांची विमाने मोजतो. ग्लायडरला येथे असा कागद लागत नाही. आपली प्रकृती ठीक नाही हे ठाऊक असताना उडू नये एवढाच दंडक. बाकी सारे वैमानिकाच्या सचोटीवर. तेव्हा कुंपणाबाहेर जाण्यापूर्वी दुसरे एक दार उघडून ठेवावे, असे मनाने घेतले.

अटी म्हणाल तर फार नाहीत. विमानाचा चाळीस तासांचा अनुभव गाठीशी असला, की ग्लायडरचे तीन तास पुरतात. त्यांत दहा उड्डाणे एकट्याने करायची, आणि परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत शिक्षकाबरोबर तीन. लेखी पेपर माफ; तोंडी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाण मात्र चुकत नाही. तीन तास ऐकायला किरकोळ वाटतात. पण वर उचलणारी हवा मिळाली नाही, तर एक उड्डाण पंधरा मिनिटांत आटोपते, आणि दर खेपेला वर ओढून नेण्याचे भाडे मोजावे लागते ते निराळेच!

पुण्याच्या वाचकांपैकी कित्येकांनी हडपसरला ग्लायडर पाहिली असतील. तेथे जमिनीवरचे यंत्र लांबलचक तार गुंडाळून घेई आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढे. आमच्याकडे एक इंजिनवाले विमान दोनशे फुटांच्या दोरीने आम्हांला ओढून नेते. मी शिकलो ते एल्मायरा गावाच्या परिसरात. अमेरिकेतली या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३० साली तेथेच भरली, आणि ज्या 'श्वायझर २-३३' मध्ये मी धडे गिरवले, ते ग्लायडरही त्याच गावच्या कारखान्यातले. पत्रा, नळ्या आणि कापड यांचे बनलेले, देखणे म्हणता येणार नाही असे. पण नव्या माणसाचे धसके सोसणारे.

आमच्या मास्तरीणबाई माझ्या मुलीहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इंजिनाच्या वैमानिकांचे हात शहाणे असतात आणि पाय आळशी." त्याचे कारण पंखांत आहे. एकावन्न फुटांचे ते पंख एका बाजूस कलवले, की नाक प्रथम उलट्या बाजूला वळू पाहते. ते पायाने सुकाणू दाबून आवरावे लागते. छोट्या विमानात याची फारशी फिकीर करावी लागत नाही. येथे मात्र समोरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असला तर ठीक. तिरका झाला, की तुमचे पाय झोपले आहेत हे मागे बसलेल्या गुरूलाही दिसते. विमानात मी जितकी घड्याळे पाहिली, त्यांत या धाग्याइतके स्पष्टवक्ते एकही नव्हते.

पण खरा धडा दोरीचा. दोरी कधीही तुटू शकते. विमान शिकताना आमच्या कानांत एकच मंत्र घातलेला असतो: उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर मागे वळू नका, समोरच उतरा. मागे वळण्याच्या मोहात पुष्कळ माणसे गेली आहेत. ग्लायडरमध्ये मात्र दोनशे फुटांच्या वर असलात तर मागे वळणे शक्य असते, कारण एक फूट खाली येताना ते स्तब्ध हवेत तेवीस फूट पुढे जाते. आमचे सेस्ना जेमतेम नऊ. म्हणून वर चढताना "दोनशे!" असे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे दोरी तुटण्यापूर्वीच निर्णय झालेला असतो.

एका सकाळी मी "दोनशे" म्हणालो, आणि बाईंनी न सांगता लाल मूठ ओढली. ठक्! पुढचे विमान आपल्या वाटेने गेले. नाक खाली, वेग राखला, वाऱ्याच्या अंगाने चांगले कलते वळण. झाडांचे शेंडे पंखाच्या टोकाखालून सरकताना जे वाटले, ते मी घरी अजून सांगितलेले नाही. वीस सेकंदांनी धावपट्टी समोर होती.

या विद्येचा उपयोग काय, हे विचारणाऱ्यांना मी बॉब पिअर्सन यांची हकिकत सांगतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ एकेचाळीस हजार फुटांवर असताना त्यातले इंधन संपले. किलो आणि पौंड यांचा घोटाळा. भरायचे होते त्याच्या निम्म्यालाही कमी भरले होते. विमानात एकोणसत्तर माणसे. कॅप्टन पिअर्सन मुरलेले ग्लायडरवाले. गिम्ली येथील जुन्या हवाई तळाजवळ पोचल्यावर उंची जास्त निघाली. दुसरी फेरी तर शक्य नाही. तेव्हा त्यांनी ते अवाढव्य विमान तिरके घसरवत खाली आणले, ग्लायडरवाले आणतात तसे. एकही माणूस दगावले नाही.

ही हकिकत ऐकून सौ. गप्प झाली. तेव्हा मी तिला डॉक्टरच्या कागदाचेही सांगून टाकले. "हे आधी सांगायचे होते," एवढेच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला.

एकट्याने उडालो त्यांतले सहावे उड्डाण लक्षात राहिले. दोन हजार फुटांवर दोरी सोडली आणि उजवीकडे वळलो. इंजिनाचा आवाज दूर गेला; उरली फक्त हवेची सळसळ. खाली नुकतेच नांगरलेले काळे शेत होते. आजूबाजूच्या हिरवळीपेक्षा अशी जमीन उन्हाने लवकर तापते, आणि तिच्यावरची हवा चुलीवरच्या धुरासारखी वर चढते. ती डोळ्यांना कशी दिसणार? पण एक ससाणा पंख न हलवता तेथे घिरट्या घालीत होता. मी त्याच्याच दिशेने वर्तुळात शिरलो. खुर्चीने खालून हलकेच ढकलले, काटा वर सरकला. बावीस मिनिटे आम्ही दोघे एकाच खांबाभोवती फिरत होतो. त्याने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि भाडेकरू फारसा पसंत नसल्यासारखा तो दुसरीकडे निघून गेला. मी उतरलो तेव्हा सुटलो होतो तिथून सातशे फूट वर जाऊन आलो होतो, तेही फुकट!

परीक्षा ऑक्टोबरात झाली. परीक्षक वयाने माझ्याहूनही वडील. तास-दीड तास तोंडी प्रश्न विचारले. वजन, वारा, ढग, कोणी कोणाला वाट द्यायची. मग उड्डाणे. शेवटच्या खेपेस त्यांनी धावपट्टीवर एक खूण दाखवली आणि तिच्या पुढे ठराविक अंतरात थांबायला सांगितले. ग्लायडरला पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही, त्यामुळे जे काय ते त्याच वेळी. पंखांवरचे ब्रेक उघडले, एकुलते एक चाक टेकले, खूण मागे गेली आणि आम्ही थांबलो. एक पंख सावकाश गवतावर कलंडला.

म्हातारबुवा काही बोलले नाहीत. उतरून त्यांनी पावलांनी अंतर मोजले, परत आले आणि पेन मागितले. तात्पुरत्या परवान्यावर 'ग्लायडर' हा शब्द उमटेपर्यंत वारा सुटला होता. म्हणून दोघांनी मिळून आधी ग्लायडर बाजूला ढकलले, आणि वाऱ्याकडच्या पंखावर जुने टायर ठेवले.