आधी हिशेब, मग बंदूक

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेत पास झाला आणि त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "सरकारनं गेम बंद केले म्हणे. आता तरी रात्री झोपशील?" मी तेव्हा व्हॅलोरंटच्या मॅचमध्ये होते. "अगं, तो वेगळा गेम," एवढंच बोलून फोन ठेवला. तिला ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर फरक काय, हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं.

फरक असा आहे. जिंकून पैसे मिळतील या आशेनं जिथे पैसे लावले जातात, तो 'ऑनलाइन मनी गेम'. तो कौशल्याचा असो की नशिबाचा, कायद्यानं त्यावर बंदी घातली. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला मात्र याच कायद्यानं खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये त्यात पदकं होती, आणि त्याच वर्षी मुंबईची ग्लोबल ईस्पोर्ट्स ही टीम व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये उतरली. थोडक्यात, कागदावर आपण आता खेळाडू.

पण कागदावरचा खेळाडू रँक्डमध्ये उतरला की काय होतं, ते माझ्याकडून ऐका. अकाउंट लेव्हल २० झाल्याशिवाय रँक्ड उघडत नाही. माझं उघडलं आणि पहिलीच मॅच आम्ही १३-३ अशी हरलो. टीममध्ये सगळ्यात जास्त किल माझे होते! मग हरलो कसे? माझा नेम चुकत नव्हता, हिशेब चुकत होता.

इथे पाच विरुद्ध पाच खेळतात. आधी १३ राउंड जिंकेल ती टीम जिंकते आणि १२ राउंडनंतर बाजू बदलतात. प्रत्येक राउंडआधी क्रेडिट्स खर्चून बंदूक घ्यायची असते. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे ८०० असतात. हरलात की पुढच्यासाठी १९०० मिळतात, सलग दुसऱ्यांदा हरलात तर २४००. आता बघा. व्हँडल २९०० ची, हेवी शील्ड १००० ची, म्हणजे ३९०० लागणार. पहिला राउंड हरल्यावर दुसऱ्यात काहीच घेतलं नाही, तर तो हरूनही तिसऱ्याला ४३०० हातात असतात. उलट दुसऱ्यात घाईघाईनं १६०० ची स्पेक्टर घेतली आणि मेलात, तर तिसऱ्याला जेमतेम २७००. व्हँडल नाही, शील्डही अर्धवट. मी नेमकं हेच करायचे. बाकी चौघं पैसे वाचवत असताना मी एकटी स्पेक्टर घेऊन धावायचे, एखादा किल मिळाला की खूश. पुढच्या राउंडला चौघांकडे व्हँडल आणि माझ्याकडे पुन्हा पिस्तूल. मेसमध्ये चौघांनी भाजी-पोळीचे पैसे काढायचे आणि पाचव्यानं आधीच वडापाव खाऊन यायचं, तसलाच प्रकार. सोपा नियम एकच: टीम जे करेल ते करा. पाचही जणांनी मिळून घेतलेला चुकीचा निर्णयसुद्धा एकट्याच्या हुशारीपेक्षा परवडतो.

दुसरी गोष्ट कॅरेक्टरची. नव्या माणसाला जेट हवी असते, कारण यूट्यूबवर तीच उडताना दिसते. मग एकाच टीममध्ये तीन जण पुढे धावणारे आणि धूर टाकणारा कुणीच नाही. सुरुवातीला फुकट मिळणाऱ्यांपैकी ब्रिमस्टोन घ्या. नकाशावर बोट दाखवायचं, तिथे धूर पडतो. नेम कच्चा असला तरी टीमला उपयोग होतो. 'अंकल' म्हणून चिडवतील, चिडवू द्या.

आता माइक. हा गेम अर्धा कानानं खेळतात. कुठे, किती जण, कुणाला गोळी लागली, एवढं तीन-चार शब्दांत सांगायचं आणि गप्प बसायचं. मेल्यावर उरलेल्याला प्रवचन देऊ नका, त्याला पावलांचा आवाज ऐकायचा असतो. हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिल्यांदा मी "बी पे दो" म्हटलं, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "अरे, लडकी है!" पुढे जे झालं ते छापण्यासारखं नाही. त्यानंतर दीड महिना मी माइक बंद ठेवला. बऱ्याच मुली हेच करतात. त्याचा तोटा नुसता मनाला होत नाही, स्कोअरबोर्डवरही दिसतो. चारच जण बोलतात आणि एका कोपऱ्याची बातमी टीमपर्यंत पोचतच नाही. म्यूट करा, रिपोर्ट करा हा सल्ला बरोबर आहे, पण म्यूट केलेल्या माणसाची माहितीही जाते, त्याचं काय? मला जमलेला उपाय म्हणजे आपली माणसं जमवणं. दोघी, तिघी किंवा थेट पाच जणी. चौघींची पार्टी रँक्डमध्ये चालत नाही, पाचवी शोधावीच लागते. आमची पाचवी कॉमर्सची निघाली. क्रेडिट्सचा हिशेब आता तिच्याकडे!

वेळेचं पटकन सांगते. मॅच अर्ध्या-पाऊण तासाची असते, मधूनच सोडली तर शिक्षा म्हणून काही वेळ खेळता येत नाही. अकराला असाइनमेंट द्यायची असेल तर साडेदहाला रँक्ड लावू नका. आणि हॉस्टेलच्या वाय-फायवर कुणी वेबसीरिज डाउनलोड करत नाही ना, हे आधी विचारा.

पुन्हा कायद्याकडे येते, कारण तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्येच येऊन बसलाय. ई-स्पोर्ट्समध्ये बक्षीस चालतं. स्पर्धेत उतरण्यासाठी किंवा तिच्या व्यवस्थेच्या खर्चासाठी प्रवेश फीसुद्धा चालते. पैज चालत नाही. परवा आमच्या ग्रुपवर एका टूर्नामेंटचं पोस्टर आलं, टीममागे ५०० रुपये. बक्षीस कुठून देणार, म्हणून मी आयोजकाला विचारलं. तो म्हणाला, "जेवढे जमतील त्यातूनच. आणि समोरच्या टीमशी मॅचवर वेगळे लावायचे असतील तर तेही बघतो मी." हे अगदी सहज, चहा सांगावा तसं. कुठलं ॲप नाही, कंपनी नाही, नुसता एक यूपीआय नंबर.

आम्ही नाव दिलं नाही. त्या रात्री पाच जणी रँक्ड खेळलो आणि १३-११ हरलो. माइक पाचही जणींचे चालू होते, आणि शेवटच्या राउंडला व्हँडल सगळ्यांकडे होती.