सौरवीज : मोठा संच की नेमका संच?

छतावरच्या सौरसंचातून होणारी बचत तीन गोष्टींवर ठरते. संचाने किती युनिट तयार केली, त्यांपैकी किती घराच्या बिलातून वजा झाली आणि वजा झालेली युनिट कोणत्या दराची होती. बाजारात बोलले जाते ते फक्त पहिल्या गोष्टीबद्दल. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात गावोगावी छतांवर पॅनेल दिसू लागली, आणि त्यांच्याबरोबर काही समजुतीही घरोघर पोचल्या. या समजुतींपायी अनेक कुटुंबांची बचत अर्ध्यावरच थांबते. म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी समजूत अशी, की संच जितका मोठा तितकी बचत मोठी. अनुदान 3 किलोवॅटपर्यंत मिळते, मग 3 किलोवॅटच बसवावा, असे सांगितले जाते. पहिल्या 2 किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असे एकूण 78,000 रुपये अनुदान मिळते, हे खरे. पण अनुदान किती मिळते यावरून घराची गरज ठरत नाही. ती वीजबिलावरून ठरते.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. 2024-25 मध्ये वहन आकार धरून पहिली 100 युनिट 5.88 रुपयांनी, 101 ते 300 ही युनिट 11.46 रुपयांनी आणि 301 ते 500 ही 15.72 रुपयांनी मोजली जात होती. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या घराचा विजेचा आकार त्यामुळे 2,880 रुपये होई. महाराष्ट्रात 1 किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट देतो. म्हणजे 2 किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे 240 युनिट देईल. ही युनिट बिलाच्या वरच्या, महागड्या टोकाकडून वजा होतात. आधी 11.46 रुपयांची सगळी 200 युनिट जातात, मग 5.88 रुपयांची 40. बचत 2,527 रुपये. उरलेल्या 60 युनिटचे 353 रुपये राहतात. तिसरा किलोवॅट बसवणाऱ्याला वाचवायला उरतात ते एवढेच.

किलोवॅटमागे 65,000 रुपये खर्च धरला, तर अनुदान वजा जाता पहिल्या दोन किलोवॅटचे 70,000 रुपये सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल होतात. तिसऱ्याचे 47,000 रुपये फिटायला याच हिशेबाने 11 वर्षे लागतात. त्याची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांनुसार न वापरलेली युनिट आर्थिक वर्षाअखेरपर्यंतच पुढे ओढली जातात. 31 मार्चला उरलेल्या युनिटचा मोबदला वरच्या टप्प्यातल्या दरापेक्षा फारच कमी असतो. तो धरला तरी तिसरा किलोवॅट पहिल्या दोघांच्या जवळपास पोचत नाही. याउलट महिन्याला 500 युनिट लागणाऱ्या घरात हाच तिसरा किलोवॅट मधल्या टप्प्यातली महाग वीज वाचवतो आणि तिथे तो हवाच. संच तोच, छत तेच; फरक आहे तो फक्त बिलाचा.

दुसरी समजूत ‘शून्य बिला’ची. सगळी युनिट वजा झाली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. ग्रिडशी जोडलेल्या ग्राहकाला तो चुकत नाही. जाहिरातीतला शून्य गाठण्यासाठी संच वाढवत नेणे म्हणजे न टळणाऱ्या आकाराच्या मागे पैसे घालवणे होय.

तिसरी समजूत, सौरसंच असला की वीज गेली तरी दिवे चालू राहतात. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम केलेली सोय आहे. वीज गेल्यावरही घर चालवायचे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. जिथे भारनियमन जास्त आहे तिथे हा खर्च योग्यच. पण बॅटरीने बचत वाढते असे सांगून ती गळ्यात मारली जात असेल, तर ते साफ चूक आहे. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्री परत मिळते, आणि त्यासाठी बॅटरीचा खर्च करावा लागत नाही.

चौथा सल्ला दिसतो शहाणपणाचा : धुणे, इस्त्री, पाण्याचा पंप सगळे दुपारी चालवावे. जर्मनीत हा सल्ला योग्य आहे, कारण तिथे ग्रिडला दिलेल्या युनिटचा मोबदला विकत घेतलेल्या युनिटच्या दराच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतो. महाराष्ट्रात युनिटला युनिट वजा होत असेल तोवर यंत्र दुपारी लावले काय, रात्री लावले काय, बिल तेवढेच येते. दिवसाचे आणि रात्रीचे दर वेगळे धरून वजावट होऊ लागली तर हा सल्ला उपयोगी पडेल. म्हणून यंत्रांच्या वेळा बदलण्यापूर्वी आपल्या बिलातली वजावट कशी होते, हे वाचावे.

पाचवी समजूत, कडक ऊन म्हणजे भरपूर वीज. पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. पॅनेलचे तापमान 25 अंशांपुढे गेले की दर अंशाला त्याची क्षमता सुमारे 0.35 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात चंद्रपूरच्या गच्चीवर पॅनेल 65 अंशांपर्यंत तापले, तर सुमारे 15 टक्के वीज उष्णतेतच जाते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नये, खालून वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

आता काय करावे, हे क्रमाने पाहू. पहिले काम छतावर नसून घरात आहे. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा सुमारे 30. दहा तास चालणारे चार पंखे बदलले तर दिवसाला 1.8 युनिट वाचते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोवॅट संचाचे काम होते. दुसरे काम बारा महिन्यांची बिले समोर ठेवून संचाचा आकार ठरवण्याचे. उन्हाळ्यातले एकच मोठे बिल पाहून संच घेतला, तर हिवाळ्यातली जास्तीची युनिट 31 मार्चला कवडीमोलाने जातात आणि एप्रिलचा एसी चालवायला त्यातले एकही शिल्लक राहत नाही.

तिसरे काम सावलीचे. साध्या संचात पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात. एकावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटू शकते. सावली पाहायची ती डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या वेळी पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त 48 अंशांवर असतो आणि 2 मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे सुमारे पावणेदोन मीटर जाते. मे महिन्यात केलेली पाहणी ही सावली दाखवत नाही. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार गावाच्या अक्षांशाएवढा असावा : पुण्यात 18 अंशांच्या, नागपुरात 21 अंशांच्या आसपास.

शेवटचे काम देखभालीचे. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने धुवावी. बोअरचे जड पाणी वाळून काचेवर क्षारांचा थर बसतो, तो टाळावा. इन्व्हर्टरवरचा महिन्याचा आकडा टिपून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावा, म्हणजे बिघाड बिलाआधी कळतो.

पॅनेलची कामगिरी-हमी साधारण 25 वर्षांची असते. एवढ्या काळाचा निर्णय विक्रेत्याच्या पत्रकावर सोडू नये. मागच्या बारा महिन्यांची बिले काढावीत, टप्पे लावून बेरीज करावी आणि मगच सही करावी.