गोंद नको, गाठ हवी

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी ससा असेल. कुणाकडे पांढरे उंदीर किंवा गिनीपिग असतील. कुणाच्या पडवीत रंगीत बजरीगर पक्ष्यांचा पिंजरा टांगलेला असेल. (आपल्या रानातला पोपट मात्र पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.) हे प्राणी मुके असले तरी त्यांनाही कंटाळा येतो. म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी घरीच खेळणी बनवता. पुठ्ठ्याचा बोगदा करता, कागदाच्या नळ्या करता, बांबूच्या कामट्यांचा झोका करता. ही फार चांगली गोष्ट आहे. पण या खेळण्यांचे भाग तुम्ही कशाने जोडता? आज मला त्याविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. आम्ही भंडाऱ्याजवळच्या एका गावात राहत होतो. माझ्या धाकट्या बहिणीने एक ससा पाळला होता. ईदच्या सुट्टीत तिने त्याच्यासाठी खोक्याचे घर बांधले. त्याला दार होते, दोन खिडक्या होत्या, वर छोटी गच्चीही होती. प्रत्येक जोड तिने भरपूर गोंद लावून पक्का केला. अब्बांनी तिचे कौतुक केले. सशालाही घर आवडले. तो दिवसभर त्याचे कोपरे कुरतडत बसे.

तिसऱ्या दिवशी सशाने गवताला तोंड लावले नाही. त्याच्या लेंड्याही पडेनात. आम्ही म्हणालो, "उद्या बरा होईल." दुसऱ्या दिवशी तो मान टाकून बसला, तेव्हा आम्ही त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याचे पोट चाचपले आणि विचारले, "याने काय खाल्ले?" बहिणीने घराचा कुरतडलेला कोपरा दाखवला. डॉक्टर म्हणाले, "वाळलेला गोंद पोटात अडकला असावा. कालच आणायला हवे होते." संध्याकाळी ससा गेला. बहीण रडत म्हणाली, "भाईजान, मी तर त्याच्यासाठीच घर बांधलं होतं!" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. जे खेळणे प्राणी कुरतडणार आहे, त्यात गोंद मुळीच वापरू नये. थोडासुद्धा नाही. तुम्ही विचाराल, एवढा हट्ट कशासाठी? त्याची कारणे ऐका.

सशाचे आणि उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजावेत म्हणून या प्राण्यांना सतत काही ना काही कुरतडावे लागते. ही त्यांची खोडी नव्हे, ती त्यांची गरज आहे. म्हणून खेळण्याचा जोड त्यांच्या तोंडात जाणारच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याला काही बाधले तर उलटी होते आणि पोट मोकळे होते. सशाला, उंदराला आणि गिनीपिगला उलटी करताच येत नाही. जे गिळले ते पुढेच जायला हवे. ते अडकले तर जीवावर बेतते.

आता गोंदाकडे पाहू. पूर्वी सुतार लाकूड जोडायला सरस वापरत. जनावरांची कातडी व हाडे उकळून तो करत असत. पुढे 1959 साली मुंबईत फेविकॉल निघाले आणि सुतारांची सरस उकळण्याची कटकट गेली. असे पांढरे गोंद खुर्ची, मेज, कपाट जोडण्यासाठी असतात. सशाच्या पोटासाठी ते केलेले नाहीत. क्षणात चिकटणारा गोंद तर ओलाव्याने दगडासारखा कडक होतो. सायकलच्या पंक्चरला लावतात त्या सोल्यूशनची वाफ उग्र असते. बंद खोलीत ती पिंजऱ्यातल्या छोट्या पक्ष्यांना आपल्यापेक्षा फार लवकर बाधते. काही गोंद ओलावा लागताच फुगतात. असा गोंद खाल्लेल्या कुत्र्यांच्या पोटात त्याचा मोठा गोळा झाल्याचे आणि शस्त्रक्रिया करून तो काढावा लागल्याचे परदेशातील डॉक्टरांनी नोंदवले आहे. कुत्र्याला उलटी होते, तरी त्याची ही गत! मग सशाचे काय होईल?

काही जण म्हणतात, "बाटलीवर तर बिनविषारी असे लिहिलेले असते." खरे आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. गोंद वहीत लावताना मुलाच्या बोटाला लागला, तर त्याला विष बाधू नये, एवढाच त्याचा अर्थ. तो खाण्याजोगा आहे असे कुणी म्हटलेले नाही. खडाही विषारी नसतो, म्हणून आपण तो गिळतो का?

दुसरे म्हणतात, "मग घरची खळ वापरू." उर्दूत जिला आपण लेई म्हणतो, तीच ही खळ. नुसते पीठ आणि पाणी शिजवलेली ताजी खळ या सर्वांत कमी धोक्याची, हे मी मान्य करतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थरसुद्धा बहुधा स्टार्चच्या खळीनेच चिकटवलेले असतात. पण आपल्या भंडारा जिल्ह्यातला पावसाळा आठवा. दोन दिवसांत खळीला बुरशी येते. आणि पुस्तक बांधणाऱ्याकडची खळ तर कधीच आणू नका. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद म्हणजे नीला थोथा. ते विष आहे.

मुलांनो, तुमच्या स्वतःच्या खेळण्यांसाठी सरकारने नियम केला आहे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आय.एस.आय.चे चिन्ह असावे लागते. सशाच्या खेळण्याला हा नियम लागू नाही. त्याचे खेळणे तपासणारे सरकार तुम्हीच आणि डॉक्टरही आधी तुम्हीच.

मग गोंदाशिवाय खेळणी करायची कशी? एकदा बाजारात जाऊन बुरुडाचे काम पाहा. तो बांबूच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून सूप विणतो, टोपली विणतो. त्यात गोंदाचा थेंब नसतो. तरीही त्याच सुपात शेतकरी वर्षानुवर्षे धान पाखडतात. आपणही तसेच करावे. पुठ्ठ्याला खाचा पाडून एक तुकडा दुसऱ्यात अडकवावा. कागदाच्या नळीत धानाचे तणस किंवा वाळलेले गवत भरून तिची टोके आत दुमडावीत. कामट्या तागाच्या सुतळीने बांधाव्यात. गाठ आखूड ठेवावी, म्हणजे पाय अडकणार नाही. कामटीच्या धारदार कडा घासून घ्याव्यात. खोक्यावरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाकाव्यात. असे खेळणे लवकर मोडेल. मोडू द्या! प्राण्याचे खेळणे मोडण्यासाठीच असते. दुसरे करायला फार तर अर्धा तास लागेल.

इतके करूनही तुमच्या सशाने कधी गोंद खाल्ला, तर लपवू नका. तुम्हाला कुणी रागावेल म्हणून गप्प बसू नका. त्याने अर्धा दिवस काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर त्याच दिवशी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सोबत गोंदाची बाटलीही न्या, म्हणजे डॉक्टरांना उपाय करणे सोपे जाईल. आम्ही "उद्या" म्हणालो, ती आमची चूक होती.

माझ्या बहिणीला त्या दिवशी मी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. तिचे प्रेम खोटे नव्हते. त्या प्रेमाला थोडी माहिती हवी होती आणि ती आम्ही मोठ्यांनी तिला दिली नव्हती. तुम्हाला ती आता मिळाली आहे. तुमच्या घरातल्या मुक्या प्राण्यासाठी आज काही बनवायला बसलात, तर गोंदाची बाटली कपाटातच राहू द्या आणि सुतळी घ्या.